जोंधळ्याचे फुटवे

सून म्हशीपुढे जोंधळ्याचे कोवळे फुटवे टाकायला निघाली होती आणि माझ्या तोंडातून नुसती घरघर येत होती. अर्धांगाच्या झटक्यानं माझी वाचा गेली होती. सांगलीच्या दवाखान्यातून घरी येऊन आठवडाच झाला होता. शब्द डोक्यातसुद्धा नव्हते. जोंधळा, विष, म्हैस, एकही आठवत नव्हता. तरी पक्कं कळत होतं की कापलेल्या जोंधळ्याला पाण्याविना आलेला फुटवा गुरानं खाल्ला तर ते मरतं. सून आष्ट्याकडची, उसाच्या पट्ट्यातली. तिला हे ठाऊक नव्हतं.

मी खाटेवरून घसरत गेले आणि तिनं खाली टाकलेल्या त्या वैरणीवर आडवी पडले.

"आवं, लवकर या! आत्यास्नी येड लागलंय!" सुनेनं नवऱ्याला हाक मारली.

माझ्या मुलानं मला उचललं, खालचा फुटवा हातात घेऊन बघितला आणि तो बायकोवर ओरडला.

"येड तिला न्हाई, तुला लागलंय. ह्यानं म्हस मेली असती."

त्याआधी आठवडाभर माझ्यासमोरच सगळे म्हणत होते, हिला आता काही कळत नाही. त्या दिवसानंतर कुणी म्हणालं नाही. वर्षभरानं निम्मे शब्द परत आले. म्हैस जगली, मीही जगले.