मद्रासेत नेलेली चादर

सोमवार, ता. ९ फेब्रुवारी १९५९. मद्रासमधल्या जॉर्ज टाउनच्या एका बोळातले दोन खोल्यांचे बिऱ्हाड. हजर माणसे चार: मी, माझा मावसभाऊ श्रीपाद, मुलगा रघुनाथराव आणि त्याची विधवा आई सरस्वतीबाई. हुंड्याची रक्कम: काही नाही.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलगा इंजिनियर, कोल्ड स्टोरेजमध्ये कायम नोकरी, आणि आई म्हणते, "आमास काही नको. मुलगी द्या, पोदुम (पुरे)." सोलापुरात मॅट्रिक झालेला कारकूनसुद्धा सायकल आणि अंगठी मागतो. इथे काहीच मागत नाहीत, म्हणजे काहीतरी लपवायचे असणार.

शनिवारी रात्री सोलापुरास मद्रास मेल धरली तेव्हापासून मी जपूनच होतो. बायकोने दोन जाड सोलापुरी चादरी बांधून दिल्या होत्या, एक श्रीपादला, एक मुलाकडे. मद्रासच्या उकाड्यात चादर कोण पांघरणार, असे मी म्हटले. रिकाम्या हाताने जाऊ नये, असे तिने. गुंटकलच्या पुढे डब्यातली भाषा बदलली, फलाटावर दही-भाताच्या पुड्या आल्या, आणि अंगातला कोट काढून मी घडी घालून ठेवला. एक चादर श्रीपादला उतरल्याबरोबर दिली. दुसरी खात्री पटेपर्यंत सोडायची नाही, हे मनाशी ठरवले.

श्रीपाद तिथे रेल्वेच्या कचेरीत आहे. स्थळ त्यानेच आणलेले. त्याच्या घरी पहिल्या रात्री रसम (चिंचेचे पातळ, झणझणीत सार) प्यायलो आणि ठसका लागला. तो हसून म्हणाला, "दादा, इथे सगळंच संशयाने पिऊ नका."

सोमवारी मुलाचे घर पाहिले. ही तंजावरकडची जुनी मराठी माणसे. बाईंची भाषा जुन्या दस्तऐवजातून उतरवल्यासारखी, मधेच तामीळ शब्द. कॉफी पितळी डबऱ्यातून (पसरट वाटीतून) उंच धरून थंड करून दिली. कॉफी उत्तम होती. पण मागच्या दोरीवर लोकरीची कानटोपी वाळत होती, ती माझ्या नजरेतून सुटली नाही. मद्रासेत कानटोपी कोणाला लागते?

"आपले यजमान गेल्यावर आपण कुठे होता?" मी विचारले.

"डोंगरावर होतों. नीलगिरीस. सहा वर्षें."

"तिथे कोण होतं आपलं?"

बाईंनी श्रीपादकडे पाहिले. श्रीपादने छताकडे पाहिले. "कसाला (कशाला) ते जुनें," त्या म्हणाल्या, "आणखी कॉफी घ्या."

बाहेर पडताच मी श्रीपादला म्हटले, "डोंगरावर माणसं कशासाठी राहतात ते मला ठाऊक आहे. क्षयासाठी. मुलाला झाला होता की आईला?"

"दादा, काहीतरीच."

"मग तू छताकडे का पाहिलंस?"



मंगळवारी सकाळी त्याने मला समुद्र दाखवला. वाळू रुंद, वारा खारट, आणि कोळ्यांच्या ओंडक्यांच्या नावा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. माझे लक्ष नव्हते. सुमतीला, माझ्या थोरल्या मुलीला, आजारी घरात टाकले तर उभा जन्म ती मला काही बोलणार नाही, हे मला माहीत होते, आणि तेच सतावत होते. दुपारी, न कळवता, मुलाच्या कामावर जायचे मी ठरवले. श्रीपादने हट्टाने चादरीची पिशवी बरोबर घेतली. "होकार द्यायचा झाला तर हाताशी असू दे."

कोल्ड स्टोरेज म्हणजे बंदराजवळचे बिनखिडक्यांचे गोदाम. बाहेर ऊन मी म्हणत होते. पहारेकऱ्याने सांगितले की रघुनाथराव सकाळपासून आतल्या खोलीत गळका नळ दुरुस्त करत आहेत. तेवढ्यात जाड दार उघडले आणि ते बाहेर आले.

पाऊल एकीकडे, अंग दुसरीकडे. भिंतीला धरून चालत होते. मला पाहून काही बोलले, पण जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले. शर्टाचे बटण काढायला बघत होते आणि बोटांना ते सापडत नव्हते.

दारूबंदीच्या मुलखात, भर दुपारी. मी श्रीपादला म्हटले, "बघितलंस? क्षय नाही, हे आहे. चल."

मी फाटकाकडे वळलोही. पण सोलापुरात चार माणसांपुढे 'मुलगा पितो' म्हणायचे, तर ते पक्के हवे. मी परत फिरलो आणि सरळ त्यांच्या तोंडाजवळ नाक नेले. वास नव्हता. पुन्हा घेतला. कॉफीचासुद्धा नव्हता. शर्ट मात्र ओलाचिंब होता. मी छातीवर हात ठेवला तर माठाला हात लावल्यासारखे झाले. ओठ निळसर, आणि इतक्या गारठलेल्या माणसाला कापरेसुद्धा भरलेले नव्हते.

"श्रीपाद, हा प्यालेला नाही. हा गारठलाय. आईला आण, पळ."

श्रीपाद हातरिक्षात बसून गेला. आम्ही रघुनाथरावांना सावलीत निजवले. पहारेकऱ्याने त्यांचे तळपाय जोरजोरात चोळायला घेतले, आतून धावत आलेला मॅनेजर म्हणाला, इंजिनच्या खोलीत नेऊन भट्टीपाशी बसवू. मी ओला शर्ट काढायला लागलो, एवढेच मला सुचले.

बाई रिक्षातून उतरल्या त्या वेगळ्याच बाई होत्या. पहारेकऱ्याला तामिळीत एक शब्द सुनावला, त्याने हात काढले. "चोळूं नका. हातापायांतलें गार रक्त एकदम काळजाकडे जाईल. भट्टीही नको. उठवूं नका, चालवूं नका." ओले कपडे सगळे उतरवले, अंग नुसते टिपून घेतले. "कोरडें काय आहे?"

मी पिशवीतून चादर काढली. त्यांनी ती मुलाच्या अंगाखालून घेऊन छातीपाठीला गुंडाळली, डोके माझ्या पंच्याने झाकले. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून काखेत आणि छातीशी ठेवल्या, हातापायांना नाही. मॅनेजरने हळूच विचारले, औषधाची ब्रँडी मिळवू का. "त्यानें वरून ऊब वाटते, आंतली निघून जाते," बाई म्हणाल्या. "नांव सांग तुझें," असे त्या मुलाला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

बऱ्याच वेळाने रघुनाथरावांचे दात वाजू लागले. मी घाबरलो. बाई पहिल्यांदा खाली बसल्या. "कापूं दे. अंग आपणहून ऊब करूं लागलें. कापायचें थांबलें होतें, तेंच भय होतें." मग नाव स्पष्ट आले, घोट गिळता येतो याची खात्री झाली, तेव्हा साखर घातलेले गरम दूध चमच्याने दिले. मॅनेजरने बोलावलेले डॉक्टर आले, त्यांनी तपासले आणि एवढेच विचारले, "हे कोणी केलं?"

संध्याकाळी घरी बाई माझ्यापुढे बसल्या. "तुम्हीं डोंगराचें विचारलेंत. तिथें लष्कराच्या इस्पितळांत मी नर्स होतें. उंचावरून गारठलेले शिपाई येत. नातलग म्हणाले, बोलूं नका, नर्सच्या घरीं मुलगी देत नाहींत. श्रीपादरावांसही मीच गप्प केलें."

"आणि कानटोपी?"

"कामावरची. आज विसरून गेला."

"आणखी काही लपवलंय?"

त्यांनी विचार केला. "घोरतो."

मी होकार दिला. तरी सोलापूरला पोचल्यावर त्या डॉक्टरांकडून लेखी खुलासा मागवला. तो आला, फुप्फुसे स्वच्छ. बायकोने विचारले, इतका संशय बरा का? मी तिला खरे ते सांगितले: संशयानेच मी फाटकाकडे वळलो होतो, आणि संशयानेच परत फिरलो. यात माझा मोठेपणा किती हे मला आजही ठरवता आलेले नाही.

शेवटी दिले ते असे. हुंडा: कोणालाच काही नाही. रिक्षावाल्याने आठ आणे ठरवले होते, त्याला दीड रुपया, घासाघीस न करता. आणि चादर सरस्वतीबाईंकडे. ती रीतसर हातात द्यायची राहिली आहे, हे स्टेशनवर श्रीपादने आठवण करून दिल्यावर लक्षात आले. ती तेव्हाही घरी रघुनाथरावांच्या अंगावरच होती.