व्याह्यांना ऐकवलेली डबलबारी

माझ्या जुन्या गाडीत संगीताची सोय नाही असं कुणी म्हणू नये. सोय आहे, ऐकणाऱ्याची हिंमत हवी.

गाडीत नुसता रेडिओ होता. लेक म्हणाली, "बाबा, ब्लूटूथवाली सिस्टीम घ्या ना!" मी चार दिवस अभ्यास करून (मी कुठलीही वस्तू आधी वाचतो, मग बिघडवतो) लायटरच्या भोकात बसणारी एक डबी आणली. फोनमधलं गाणं ती हवेत सोडते, गाडीचा रेडिओ ते पकडतो. घरचं रेडिओ केंद्रच!

उद्घाटनाला पाहुणेही तोलामोलाचे मिळाले. लेकीचं लग्न ठरत होतं. मुलाचे वडील तात्या, नायगावच्या बीडीडी चाळीतले निवृत्त गिरणी कामगार, फारच अबोल. त्यांचा होकार तेवढा बाकी होता. शीवला हॉल बघायला मी त्यांना गाडीतून नेलं. ते माझ्या शेजारी, बायको मागे.

"तात्या, आमचे आबा गिरणीत जॉबर आणि परळचे भजनी बुवा होते. त्यांची डबलबारी ऐकवतो. जुनी कॅसेट फोनवर उतरवून घेतलीय." (जॉबर म्हणजे कामगारांवरचा मुकादम; डबलबारी म्हणजे दोन बुवांनी समोरासमोर बसून, देवाच्या साक्षीने एकमेकांची काढणे.)

डबी चालली! पखवाज घुमला आणि माझ्या दिवंगत वडिलांचा आवाज आला, "समोर बसलेले हे नायगावचे बुवा! आवाज आहे की गिरणीचा भोंगा? अहो, भोंगा निदान वेळेवर तरी वाजतो!"

मी स्टिअरिंगवर थाप मारून हसलो. एकटाच. मागून सीटला गुडघा बसला.

"अहो, बंद करा!"

"अगं, पुढे तर आबा त्यांच्या पखवाजावर येतात!"

आबा आले. पखवाजावरून बुवांच्या पोटावर आले. मी शेजारी पाहिलं. तात्या ताठ बसले होते. त्यांचं पोट पाहिलं आणि मला सगळं कळलं. मी डबीच उपटली. रेडिओ नुसता खरखरू लागला.

"तो नायगावचो बुवा मीच," तात्या म्हणाले.

लेकीचं लग्न मी दादर टीटीच्या सिग्नलला मोडलं होतं.

"बंद कशाक केलात? लावा."

"तात्या, जुनी गोष्ट..."

"लावा म्हणतंय! तीस वर्सां झाली. तेवा उत्तर सुचला नाय. घराक जाताना सुचला."

मी डबी खुपसली. आबांचं कडवं संपायला आणि तात्यांनी दारावर ठेका धरायला एकच गाठ पडली. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने असा काही सूर लावला की शेजारच्या टॅक्सीवाल्याने आपला रेडिओ बंद केला.

"भोंगो वाजलो तरच गिरण चलता, बुवा! जॉबर नुसतो बोंबलता!"

काय ती लय, काय ती जागा! एक बुवा फोटोत जाऊन बसलेला, दुसरा सीटबेल्टमध्ये अडकलेला. पण बारी अशी रंगली की हॉल बघताना मला हॉल दिसलाच नाही. बायको डोळे पुसत होती.

खाली उतरल्यावर तात्या म्हणाले, "परबानू, तारीख काढा. पण एक अट आसा."

मी बायकोकडे पाहिलं.

"परत जाताना बुवांच्या कॅसेटची दुसरी बाजू ऐकूची आसा. तुमी मदी बोलूचा नाय."

मी शब्द दिला. नायगावचं वळण मागे पडलं, परळ गेलं, लालबागचा पूल चढून उतरलो. भायखळ्याला तात्यांनी विचारलं, "नायगाव खंय रवला?"

मी अंगठ्याने मागे दाखवलं. शब्द म्हणजे शब्द!