अकरा सेकंदांची मारामारी

आमच्या वॉर्डात त्याला सगळे भिंत म्हणायचे. वेड्यांच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय, वय पंचेचाळीस, अंगाने आडवा. कुणाचं डोकं फिरलं की हा मध्ये उभा राहायचा आणि मार खायचा. मी त्याच वॉर्डाची सिस्टर, एकोणीस वर्षं. माझ्या नाकावर राग असतो, हे मीच सांगितलेलं बरं.

ह्या भिंतीला या वयात नाद लागला तो कार्टूनसारखी चित्रं हलवायचा. भाचीचा जुना लॅपटॉप आणला आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत बसायला लागला. पहिलं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट चाललं, नंतर पैसे मागायला लागलं. दुसऱ्यात म्हणे माणूस चहूबाजूंनी बघता येतो. याचा तीन आठवड्यांत एक चेंडू झाला, तोही चेपलेला, आणि लॅपटॉप एवढा तापला की त्याने तो ओल्या फडक्यावर ठेवला. मी म्हटलं, "अरे, त्यापेक्षा वहीच्या कोपऱ्यात काढ आणि पानं फडफडव." तिसरं सॉफ्टवेअर फुकट आणि साधं मिळालं. चित्रावर चित्र काढायचं, आधीचं खालून पुसट दिसतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. सेकंदाला बारा चित्रं. त्यावर तो रमला.

काढायचा काय, तर मारामाऱ्या. म्हणाला, "सिस्टर, रोज दुसरं काय बघतो आपण?"

त्या दोन महिन्यांत वॉर्डात झाल्या त्या सगळ्या सुताराच्या होत्या. सुतार म्हणजे सहा नंबरच्या खाटेवरचा पेशंट. पूर्वी सुतारकाम करायचा. सहा वर्षांत तोंडातून शब्द नाही, पण कधी कुणाला बोट लावलं नव्हतं. आणि अचानक पिसाळला. एकदा मावशीला ढकललं, तिचं मनगट मोडलं. एकदा भिंतीचं डोकं खाटेच्या दांडीवर आपटलं, सात टाके पडले. तिसऱ्यांदा मी गोळी देऊन ट्रॉलीकडे वळते न वळते तोच मागे ठोसा वाजला. वळून बघते तर भिंत गुडघ्यावर, हनुवटीवरून रक्त, समोरचे दोन दात फरशीवर. चौघांनी मिळून सुताराला पाडलं. पाडल्यावरही दोघांनी हात धुऊन घेतले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

त्याच दिवशी मी डोक्यात राख घालून तक्रार लिहिली. मोठ्या डॉक्टरांनी सही केली. सोमवारपासून सुतार बंद खोलीत जाणार होता, हातापायाला पट्टे बांधून. त्या खोलीत गेलेला माणूस परत वॉर्डात आलेला मी पाहिलेला नाही.

भिंतीने तो ठोसा आठवून काढला, पण जमेना. चित्रातला सुतार लाकडी बाहुलीसारखा मारायचा. शिकवणाऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं, कुठलाही फटका मारण्याआधी शरीर उलट्या दिशेला जातं. मला विचारतो, "सिस्टर, मारायच्या आधी तो मागे गेला होता का?" मी म्हटलं, "दात पडले तरी अक्कल येत नाही का रे तुला?"

मग त्याने ऑफिसातून वॉर्डाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं आणि ते खाली ठेवून चित्रामागून चित्र गिरवत बसला. तिन्ही मारामाऱ्या. शनिवारी दुपारी मला चादरींच्या खोलीत बोलावलं.

"अकरा सेकंदांचं आहे. बघा."

पडद्यावर रेघांची माणसं. सुतार खाटेवर बसलेला. एक बाई त्याचे गाल दाबून तोंड उघडते, गोळी टाकते, वळते. सुताराचा हात हळूहळू डाव्या जबड्याकडे जातो. मान वाकडी होते, खांदे वर येतात, अंग मागे जातं. मग ठोसा, जो समोर असेल त्याला.

"तिन्ही वेळा असंच," भिंत म्हणाला. "एकदा मावशीने तोंड पुसलं होतं. एकदा मी त्याची दाढी करत होतो. आणि हे..." त्याने चित्र पुन्हा सुरुवातीला नेलं. "त्याचं तिथं काहीतरी दुखतंय, सिस्टर. हात लागला की दोन सेकंदांनी तो मारतो."

बाईला चेहरा नव्हता. नुसता गोल. पण मनगटावर घड्याळ होतं, तबकडी आतल्या बाजूला वळवलेलं. वॉर्डात तसं घड्याळ मी एकटी घालते.

"म्हणजे मी मारायला लावलं?" मी ओरडले आणि त्याच्या थोबाडीत दिली. आवाज बाहेर मावशीला ऐकू गेला.

तो हलला नाही. गाल चोळत शांतपणे म्हणाला, "बघा, तुमचाही हात आधी मागे गेला."

मी खाली चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. लाज वाटली, एवढी की मान वर होईना. एकोणीस वर्षं मी गाल दाबून गोळ्या घालत आले. लवकर होतं म्हणून. तोंडात काय आहे ते बघायला मला कुणी नको म्हटलं नव्हतं.

"चेहरा का नाही काढला?"

"काढला होता. पुसला. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय ना."

लॅपटॉप मीच उचलला. केबिनमध्ये गेले, चित्रं लावली आणि म्हटलं, "हा हात माझा आहे, सर. तक्रारही माझीच आहे."

संध्याकाळच्या आत दातांच्या डॉक्टरांनी सुताराला गुंगी देऊन तोंड उघडलं. डावीकडची दाढ मुळापर्यंत सडली होती, खाली पू. वासाने मलासुद्धा तोंड फिरवावं लागलं. सोमवारी बंद खोलीत कुणी गेलं नाही. आता मी तळहातावर गोळी धरते. सुतार बघत बसतो, कधी पाच मिनिटं, मग स्वतः उचलतो. माझ्या पायांना रग लागते, पण मी उभी राहते.

भिंतीच्या गालावर माझी चार बोटं दोन दिवस होती. कुणी विचारलं की दार लागलं म्हणायचा.

त्याचा सिनेमा आता चौदा सेकंदांचा झाला आहे. शेवटी ती थोबाडीतही आहे. मीच काढायला लावली, चेहऱ्यासकट.