एकतीस घरांतलं सोळावं घर

गोव्यात पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठाराखाली आंबेखोल नावाचा वाडा आहे. तिथल्या एकतीस घरांचं उत्पन्न विचारून आणायचं काम सुलोचना परबकडे होतं. तिने ते केलं, आणि दुसऱ्याच दिवशी सर्वेच्या कचेरीतल्या रुद्रेशसाहेबांनी सगळे फॉर्म परत तिच्यापुढे ठेवले.

"एकतिसांतल्या सव्वीस घरांचं उत्पन्न महिना बारा हजार? मॅडम, हे घरात बसून भरलेत की काय?"

सुलोचनाचे कान तापले. अकरा वर्षं ती कंत्राटावर असली कामं करत होती. लोकांनी सांगितलं तेच तिने लिहिलं होतं. वाड्यावर कुणीतरी उठवलं होतं, की वर्षाचं दीड लाखावर गेलं तर बायकांना मिळणारे योजनेचे पैसे बंद होणार. मग बहुतेकांनी बारा हजारच धरले.

"घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत लावायची. कमी ते जास्त," रुद्रेश म्हणाला. "बरोबर मधलं, म्हणजे सोळावं घर जे सांगेल तो गावाचा आकडा. तुमची ओळच लागत नाही. सोमवारपर्यंत परत विचारून आणा. मी फोन करून पडताळणार. जुळलं नाही तर तुमचं नाव यादीतून जाईल."

काम जाईल याचं वाईट होतंच. पण 'घरात बसून' हे शब्द तिला जास्त लागले.

सकाळी ती पहिल्यांदा गोकुळदासच्या घरी गेली. गोकुळदास पूर्वी डिचोलीला खाणीचा ट्रक चालवायचा, आता विमानतळावर त्याची टॅक्सी असते.

"परत आयली गे? बारा सांगितले न्हय?"

सुलोचना पाणी प्यायली आणि पेनासाठी पिशवीत हात घातला. पण ती पिशवी सर्वेची नव्हती, खांद्यावरची दुसरी होती. सुलोचना लग्नंही जुळवायची. आजूबाजूच्या तालुक्यांत मिळून तिने पंधराएक तरी जुळवली होती. हाताला लागला तो गोकुळदासच्या मुलाचा, गौरेशचा, स्थळांना दाखवायचा माहितीचा कागद. त्यावर बापाच्या हातचं ठळक अक्षर होतं: घरचं उत्पन्न महिना साठ हजार.

तिने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि तिला हसूच आलं. एवढे दिवस दोन्ही पिशव्या तिच्याच खांद्याला होत्या.

"गोकुळदासभाऊ, फोंड्याच्या मुलीकडच्यांना साठ, सरकारला बारा. माझं तोंड एकच. त्यात दोन आकडे मावत नाहीत."

"ते साठ लग्नाचे गे!"

"आणि बारा?"

"सर्वेचे."

"मग जेवता ते कितीचं?"

आतून त्याची बायको यशोदा खो खो हसली. "बरे सापडले! आता सांगा."

सुलोचनाने समजावलं, की हे कागद योजनेवाल्यांकडे जात नाहीत, कचेरीत एकदा पडताळलं की नाव वेगळं काढून फक्त आकडा मोजतात. मग तिघांनी मिळून बेरीज केली: डिझेल-टायर वजा जाता टॅक्सीचे किती, गौरेशचा पगार, काजूचे वर्षाचे बाराने भागून. चौतीस हजार झाले.

"फोंड्याला पण चौतीसच सांगू?"

"चाळीस सांग गे."

"चौतीस."

"बरं बाबा, चौतीस. पण गाडी आपली स्वतःची, ते मात्र सांग."

चार दिवस ती असंच फिरली. जिथे लग्नाचं कुणी नव्हतं, तिथे गोकुळदासच्या घरची गंमत आधीच पोचली होती. लोक हसत हसत बोलायचे. फक्त एकट्या राहणाऱ्या कमलने मान खाली घातली.

"माझे नऊच गे. सगळ्यांचे बारा, मीच कशी खाली राहू?"

सुलोचनाने नऊ लिहिले. दोघींनी चहा घेतला आणि उठताना ती म्हणाली, "मावशी, तुझ्या खालीही दोन घरं आहेत हो. कोणती ते विचारू नकोस."

सोमवारी रुद्रेशने तिच्यासमोरच फोन लावायला घेतले. दोन घरं जुळली. तिसरा फोन गोकुळदासला.

"सर्वेची कचेरी. घरचं उत्पन्न किती?"

पलीकडे खाकरणं ऐकू आलं. "बा..."

सुलोचनाने पदर घट्ट धरला.

"बा... बायलेक विचारता हां," म्हणत गोकुळदासने बायकोला विचारायचं निमित्त केलं. फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज दबला, आणि तरीही यशोदाचं ओरडणं टेबलावर स्पष्ट आलं: "विचारता कसलं? चौतीस सांगा! त्या बाईला खोटी पाडता?"

"चौतीस," गोकुळदास म्हणाला.

रुद्रेशने फोन ठेवला. सगळे फॉर्म ओळीने लावून वरून मोजत गेला. सोळाव्या फॉर्मवर सत्तावीस हजार होते. ते त्याने वहीत लिहिले, सही केली, आणि पेनाला टोपण लावत म्हणाला,

"त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"हो, बोललात," सुलोचना म्हणाली.

तिने हात पुढे केला. रुद्रेशने पुढच्या गावाची यादी तिच्या हातात दिली.