अकरा वाजून सात मिनिटांचा फोटो

या सदरातले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आले. प्रत्येक अनुभवाखाली मनातल्या मनात उत्तरही लिहून मोकळी व्हायचे... वाऱ्यानं दार वाजलं असेल, झोप झाली नसेल, भास असेल. बारामतीत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते मी. भूत, बाधा, कौल, काही मानत नाही. आजही नाही. पण हे घडलंय, आणि याच्याखाली लिहायला माझ्याकडे उत्तर नाही.

आधी कॅमेऱ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा कॅमेरा छोटासा आहे, पर्समध्ये मावणारा, पण आतला सेन्सर मोठा – फुल-फ्रेम. लेन्स एकच, कायमची बसवलेली. निघत नाही, झूम होत नाही. स्टाफरूममध्ये सगळे हसले होते, "मॅडम, एवढा भारी कॅमेरा आणि झूमच नाही?" मला नेमकं तेच आवडलं होतं. कुणाचा चेहरा मोठा हवा असेल तर चालत त्याच्याजवळ जायचं. अगदी हाताच्या अंतरावर. दुसरा मार्गच नाही.

दिवाळीनंतरचा रविवार होता. केमिस्ट्री शिकवणाऱ्या वैशालीबरोबर तिच्या गाडीनं नरसिंहपूरला गेले. तिला दर्शन घ्यायचं होतं, मला संगमावर फोटो काढायचे होते. येताना बावड्याला सदामामाकडे जेवायचं ठरलं होतं. सदामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. माझे वडील मी सातवीत असताना गेले. पुढचं माझं सगळं शिक्षण मामाच्याच घरी, त्याच्याच जिवावर झालं. त्याची पेरूची बाग आहे.

दर्शन उरकून आम्ही घाटावर उतरलो. अकरा वाजले असतील, ऊन छान पडलं होतं. पायरीवर एक बाई ओलं लुगडं झटकत होती, तिचा फोटो घेतला. मग वैशालीचे दोन-तीन काढले. एक तरी बरा आलाय का बघू म्हणून स्क्रीनवर एकेक फोटो मागं सरकवत गेले.

वैशालीच्या दोन फोटोंच्या मधे सदामामा होता.

फ्रेमच्या मधोमध, अगदी जवळून घेतलेला त्याचा चेहरा. जमिनीवर आडवा पडलेला, गाल ठिबकच्या काळ्या नळीवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठाला माती. वर फोमच्या जाळीत गुंडाळलेले पेरू लोंबत होते, मागं निळा बॅरल. उजवा हात लेन्सकडे उचललेला, हलल्यामुळे पुसट झालेला. आणि डोळे उघडे. थेट माझ्याकडे बघणारे.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात होता म्हणून, नाहीतर कॅमेरा पायऱ्यांवरच फुटला असता.

वैशालीनं वाकून बघितलं. "कोण गं हे?"

"माझा मामा."

"असा पडलेला? कधी काढलास?"

मी वेळ बघितली. अकरा वाजून सात मिनिटं. आधीचा फोटो अकरा सहाचा, पुढचा अकरा नऊचा. दोन्हींत वैशाली, मागं संगमाचं पाणी. बावडा तिथून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर.

मी मामाला फोन लावला. मामीनं उचलला.

"आगं मने, ह्ये न्हाईत घरी. सकाळी पेरूचा टेम्पो भरला, त्यातनंच इंदापूरला गेल्यात. फोन हितंच चार्जिंगला इसरलेत बघ."

"मामी, तो इंदापूरला गेला नाहीये. कॅनॉलकडच्या कोपऱ्यात जा, निळ्या बॅरलजवळ. पळत जा."

"आगं पर काय झालंय?"

"मामी, जा!"

बागेत खताचा निळा बॅरल एकाच कोपऱ्यात असतो, म्हणून मला जागा कळली. पुढची दहा मिनिटं आम्ही बावड्याच्या वाटेवर गाडीत होतो. मग शेजारच्या तात्यांचा फोन आला. मामा तिथंच सापडला होता. टेम्पोत बसल्यावर त्याला आठवलं, ठिबकचा व्हॉल्व्ह चालूच राहिलाय. तुमी व्हा म्होरं, म्हणून तो उतरला आणि बागेत गेला. तिथं त्याला पॅरालिसिसचा झटका आला. घरच्यांच्या लेखी तो इंदापूरला होता, संध्याकाळपर्यंत कुणी त्या कोपऱ्यात फिरकलं नसतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून वाचले.

इथं गोष्ट संपली असती तर मी देवाचे आभार मानून गप्प बसले असते. पण...

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी त्याच्या कॉटजवळ गेले, तर मामानं माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बोलणं अडखळत होतं, तरी एवढं स्पष्ट ऐकू आलं – "हिला भायेर काडा." आयुष्यात मला एका शब्दानं न दुखावलेला माणूस! मी बाहेर येऊन बाकावर रडत बसले. मामी म्हणाली, "डोस्क्याला मार बसलाय, मनावर घिऊ नगंस."

घरी आणल्यावरही तेच. मी गेले की तो डोळे मिटून घ्यायचा. शेवटी एका रविवारी मी त्याच्या खाटेवरच जाऊन बसले. "मामा, माझं काय चुकलं ते तरी सांग."

त्यानं डोळे उघडले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "तू आलतीस की. मी पडलेलो. सबुद फुटंना, म्हून हात केला. तू खाली बसलीस... म्हणलीस, मामा हलू नको. खट् वाजलं. आन उटून निगून गेलीस." त्यानं मामीकडे बघितलं. "मानूस मरतंय आन ही फोटू काडती."

फोटोबद्दल मी त्याला एक अक्षरही सांगितलं नव्हतं. वैशालीनंही नाही.

मी लॅपटॉप उघडून त्याला घाटावरचे सगळे फोटो दाखवले. हे बघ, अकरा सहा. हे अकरा नऊ. मी संगमावर होते, मामा! वैशालीला विचार! त्यानं मधल्या फोटोवर बोट ठेवलं. "आन ह्यो कुनी काडला?"

मी मामीकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. हळूच म्हणाली, "न्हायतर तुला निळा बॅरल कसा कळला गं?"

मी लॅपटॉप मिटला.

पुण्यातल्या एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे मी कार्ड आणि कॅमेरा दोन्ही घेऊन गेले. कोणता फोटो ते सांगितलं, कारण नाही सांगितलं. त्यानं तपासून सांगितलं, फाइल याच कॅमेऱ्याची आहे, नंबर ओळीत आहे, छेडछाड नाही. "दोन-अडीच फुटांवरून घेतलाय, मॅडम. या लेन्सनं लांबून असा येणारच नाही." हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती.

वैशाली आजही शपथेवर सांगते की मी तिच्यासमोरून हलले नव्हते. मलाही तसंच आठवतं. पण खरं सांगू? कधीकधी आंघोळ करताना, वर्गात फळ्याकडे वळताना, मधेच वाटतं... त्या तीन मिनिटांतलं मला नेमकं काय आठवतं? पाणी आठवतं. ऊन आठवतं. बाकी काही नाही.

मागच्या महिन्यात मामा काठी घेऊन अंगणात चालायला लागला. मी गेले तेव्हा पहिल्यांदाच तो आपणहून बोलला. राग नव्हता आवाजात, नुसता दुखावलेला होता.

"मने, मला तसं टाकून कुटं गेलतीस गं?"

मी तिथं नव्हते, हे मी त्याला शंभर वेळा सांगून झालं होतं. त्या दिवशी माझ्या तोंडून ते आलंच नाही. मी त्याचे पाय धरले आणि म्हणाले, "चुकलं मामा."

त्यानं काठी बाजूला ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात फिरवला. आम्ही दोघंही रडलो. मामीनं जेवायला वाढलं. तेव्हापासून घरात पुन्हा पहिल्यासारखं बोलणं सुरू झालंय, त्या रविवारचा विषय कुणी काढत नाही.

मी मात्र अजून ठरवू शकलेले नाही, मी त्याच्याशी खोटं बोलले की खरं.