पोरं धुतली, आता मांजरी

मांजर मला कधीच आवडली नाही. दुधात तोंड घालते, दुसऱ्याच्या गादीवर घाण करते आणि वर असं पाहते की जणू घर तिच्या बापाचं. तरी म्हातारपणी मी मांजरी धुवायला शिकले. त्या महिन्यात मला जितकं मळमळलं, तितकं मला दिवस गेले होते तेव्हाही मळमळलं नव्हतं.

माझा धंदा पोरं न्हाऊ घालण्याचा. चौथी शिकले, लग्न झालं आणि सासूमागं कामाला जाऊ लागले. नागपुरात धंतोलीच्या मोठ्या घरांमध्ये बाळंतिणीला मालिश, बाळाला तेल, आंघोळ, ओव्याची धुरी. पुढं शिकलेल्या बाया आल्या, प्लास्टिकचे टब आले आणि माझी घरं एकेक करून सुटली. मग मी नंदनवनच्या घरात बसून राहिले. सून वाईट नाही. पण दिवसभर ती माझ्याकडे पाहून उसासे टाकायची आणि मी तिच्या भाजीकडे पाहून. मला घराबाहेर काम पाहिजे होतं. काम म्हणजे काम, कोणाची दया नाही.

तेव्हा धंतोलीच्या एका मुलीचा फोन आला. तिला मीच न्हाऊ घातलं होतं. आता तिनं सदरला मांजरींचं पार्लर काढलं होतं.

"मावशी, तुमचा हात बसलेला आहे. महिनाभर शिका. शेवटी ग्राहकासमोर एक मांजर एकटीनं करून दाखवायची. जमलं तर नोकरी पक्की."

सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आता मांजरीचे बाळंतपणं करसान काय, आई?"

"तुयाजवळ बसून राहण्यापेक्षा बरं," मी म्हटलं.

दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी पार्लरवालीनं तिची स्वतःची मांजर माझ्या हाती दिली आणि ती फोनवर बोलत बाहेर गेली. धुवायचं सिंक उंच. मी सवयीनं खाली बसले, पाय लांब केले, मांजर नडग्यांवर उताणी निजवली आणि डोक्यावरून पाण्याचा मग ओतला. पोर रडतं, पण पडल्या पडल्या रडतं. ही पलटली. माझ्या मांडीत नखं रोवली, पोटावरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर आणि तिथून कपाटावर गेली. वर बसून मुतली. ते माझ्या पदरावर ठिबकलं.

पार्लरवाली धावत आली. "मावशी! हे काय करून राहिल्या?"

"आंघोळ."

"उताणी पाडून?"

"तुले अशीच घातली होती. तू नाई पळाली."

ती हसून हसून स्टुलावर बसली. मला धंतोलीतल्या दवाखान्यात जाऊन सुया टोचून घ्याव्या लागल्या. पदराचा वास तर तीन धुण्यांत गेला नाही.

मग तिनं नीट शिकवलं. मांजर उताणी करायची नाही. डोक्यावर पाणी नाही, तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं. आधी नखं कापायची, पण टोकाचं पांढरं तेवढंच, आतल्या गुलाबी भागात शीर असते. केसांची गाठ कात्रीनं कापायची नाही, कारण मांजरीची कातडी भिजलेल्या पापडासारखी, गाठीबरोबर वर येते आणि कापली जाते. गाठीला केस भादरायची मशीनच लावायची. हे सगळं मी शिकले. हात खरंच बसलेला होता. पोरांचं नाक मी तेल लावून ओढून सरळ करायचे. या विलायती मांजरींचं नाक मात्र कोणी बुक्की मारल्यासारखं आत गेलेलं, ओढायला काही उरलेलंच नव्हतं.

हात शिकला, पोट शिकेना. कानातून काळं कीट निघायचं. डोळ्यांखाली तांबूस खपल्या. शेपटीखाली केसांत वाळलेली घाण, त्याचे गोळे झालेले. पोरांची घाण मी उभ्या जन्मात काढली, कधी नाक दाबलं नाही. पोर दुधावर असतं, त्याच्या घाणीला आंबटसर वास असतो. ह्यांच्या घाणीला सडलेल्या मासळीचा वास.

त्याहून जास्त किळस मला माणसांची आली. मांजरीला बाळ म्हणायचं आणि तिच्या मालकिणीला मम्मी, असा पार्लरचा नियम. मम्मी आइस्क्रीमचा चमचा मांजरीला चाटवायची आणि तोच चमचा आपल्या तोंडात घालायची. पार्लरवालीची मांजर तर तिच्याच ताटात जेवायची. ती मला म्हणायची, "मावशी, एकदा तरी प्रेमानं बेबी म्हणा."

"मी खरे बाळं पाहेल आहे," मी म्हणायचे.

परीक्षेच्या दिवशी एक बाई पांढरा गलेलठ्ठ बोका घेऊन आली. त्याच्या मागच्या बाजूला नारळाच्या शेंडीसारखा गोळा चिकटलेला. मी मशीन लावली. गोळा सुटला तशी आतली लालभडक कातडी दिसली, पिसवांची काळी रवाळ घाण दिसली आणि वास आला. माझं तोंड वाकडं झालं.

"मावशींना किळस येऊन राहिली का?" बाईनं विचारलं.

"येते. तुम्हाले नाई येत?"

बाईनं वाकून बोक्याच्या तोंडाचा मुका घेतला. त्याच तोंडानं तो आताच आपलं मागचं चाटत होता. मी पाहत राहिले. पण हात थांबवला नाही. धुतला, पुसला, गरम हवेनं वाळवला. ओरखडाही उठला नाही. बोका कापसासारखा फुलून निघाला.

बाई गेल्यावर पार्लरवाली म्हणाली, "मावशी, काम एक नंबर. नोकरी तुमची. पण तुमचं तोंड! त्या बाईंनी जाता जाता तक्रार केली. उद्यापासून तुम्ही मागच्या खोलीत करत जा. ग्राहकांना दिसायला नको."

मागच्या खोलीचं नाव निघालं आणि मला तिच्या धंतोलीच्या घराचं मागचं दार आठवलं.

आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. हिच्या आजीला ते ठाऊक होतं. मी त्या घरात मागच्या दारानं जायचे. माझ्या हातानं न्हालेली हीच पोर उचलून ते देवापुढं नेऊन ठेवायचे. माझा चहाचा कप मात्र न्हाणीच्या खिडकीत, वेगळा. मीच विसळायचा, मीच पालथा घालायचा. इतकी वर्षं मी हे कोणाला बोलले नव्हते. त्या दिवशी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं, मावशी."

"आता झालं ना माहीत? तुया ताटात मांजर जेवते, जेवू दे. मी मागं नाई बसत. समोरच्या टेबलावर काम दे, नाई तर मी चालली."

"पण ग्राहक?"

"त्याहिले मांजर धुवून पाहिजे का माया मुका पाहिजे?"

ती हसली नाही. मी पिशवी उचलली होती. घरी गेले असते तर सुनेसमोर बसण्याखेरीज काही उरलं नसतं, ते मला ठाऊक होतं. तरी चप्पल घातली. तेव्हा तिनं खण उघडला आणि मास्क काढला.

"समोरच करा. पण हा लावा. तसंही केस नाकात जातात."

"नाकात केस तुया बी जातात. तू बी लाव."

तिनं दुसरा मास्क काढून कानांत अडकवला. मी चप्पल काढली.

तेव्हापासून मी काचेजवळच्या टेबलावर काम करते. मास्कच्या आत तोंड वाकडंच असतं, ते सरळ होईल असं वाटत नाही. परवा ती बोकेवाली बाई पुन्हा आली. बोका माझ्यापुढं ठेवून लाडानं म्हणाली, "ओळखलं का मावशी आमच्या बेबीला?"

"ओळखलं," मी म्हटलं. "दारातूनच वास आला."