घड उतरवायच्या दिवशीची गोळी

डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून म्हणाले, "यांना स्ट्रोक येऊन गेलाय. एक नाही, दोन. जुने आहेत."

मी बाबांकडे पाहिलं. हात नीट हलत होते, बोलणं स्पष्ट होतं. तोंड वाकडं झालं तरच स्ट्रोक, एवढंच आम्हाला ठाऊक. याला सायलेंट स्ट्रोक म्हणतात. मेंदूच्या लहानशा भागाचं रक्त थांबतं, तो भाग मरतो आणि माणसाला कळतही नाही.

बाबांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात. त्यामुळे हृदयात रक्त साचून गुठळी होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची. या खेपेला रक्तात एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन वाढलेले निघाले. पहिलं हृदयावरचा ताण दाखवतं, दुसरं हृदयाच्या स्नायूला झालेली इजा.

"रक्तात स्ट्रोक दिसत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण हे वाढले की धोका जास्त धरतो आम्ही." त्यात चालताना बाबांचा तोल जात होता, म्हणून एमआरआय.

घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. प्रत्येक रिपोर्ट माझ्या हातात यायचा आणि आई-बाबा दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. बाकड्यावर बसून बसून तिघंही थकलो होतो.

"गोळी चुकते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले.

आईला राहवलं नाही. "केळीचे घड उतरवायच्या दिवशी घेत नाहीत. कोयता लागला की रक्त थांबत नाही म्हणून."

"रक्ताचे डाग पडलेला माल कोण घेईल?" बाबा पुटपुटले.

डॉक्टर हसले नाहीत. "काका, बोट कापलं तर दिसतं तरी. गोळी सोडू नका, कोयता सोडा."

तेवढं साधं बोलले म्हणून मी त्यांची ऋणी आहे. मी रोज "गोळी घेता ना?" एवढंच विचारायचे. तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर कोणत्या दिवशी घेत नाही, ते विचारा.

आता निर्मळ गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत कोयता माझ्या हाती असतो. बाबा खुर्चीवर बसून घड दाखवतात. परवा त्यांनी दाखवलेल्या घडातल्या केळ्यांच्या कडा अजून धारदार होत्या, गोल झाल्या नव्हत्या. आई हळूच म्हणाली, "भरला नाही गं तो." बाबांचा असा अंदाज कधी चुकला नव्हता; मला ती एमआरआयची फिल्म आठवली.

"बघतेस काय? घाल घाव," बाबा म्हणाले.

मी घाव घातला.

"असू दे, भाजी करू," आई म्हणाली.

सकाळची गोळी मात्र त्यांनी स्वतःहून पाणी मागून घेतली होती. त्याहून जास्त मी आता मागत नाही.